जनरेटरचा सा

बंडुराला पासष्ट तारा,
आणि यारिनाची दहा बोटं, टोकं कापलेल्या हातमोज्यांतून डोकावणारी.
जनरेटरला एकच सूर येतो,
तोही धड नाही,
पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत अडकलेला.
"त्याला माझ्याशी जुळवता येत नाही," ती म्हणते,
"मग मीच जुळते त्याच्याशी."
तासभर किल्ली फिरत राहते
खार्किवच्या या जुन्या छापखान्याच्या तळघरात.
भिंतींना अजून शाईचा वास आहे.
बाहेरचं इथे काही ऐकू येत नाही.
म्हणजे येतं, पण छातीत.
कोणी चहाची किटली लावली
की सा खाली बसतो, आणि यारिना शिव्या देते.

माझं काम ठोक्यांचं.
आधी लग्नांत वाजवायचे,
नवरीच्या मावश्यांना दमवायचे पहाटेपर्यंत.
आता दोन डबे, एक लॅपटॉप,
आणि फोनवर घेतलेला पारास्का आजीचा आवाज:
देस्ना नदीपलीकडचं अंगण,
मागे कोंबड्या, मध्येच विहिरीची साखळी.

वसंताला हाक मारायचं गाणं.
टेकाडावर उभं राहून बायका म्हणायच्या,
उघड्या गळ्याने,
पलीकडच्या गावाने वळून पाहावं असं.
दोन कडवी झाली आणि आजी थांबली.
"तिसरं आठवत नाही गं.
वसंतात या, तोवर आठवेल."

वसंताआधी रणगाडे आले.
मग पूल गेला.
एप्रिलमध्ये आम्ही होडीतून पोचलो तेव्हा
कोंबड्या होत्या.

तिसऱ्या कडव्याच्या जागी आम्ही काही घालत नाही.
होर्पिना ओठ मिटून उभी राहते,
मी ठोका काढून घेते,
चार आवर्तनं नुसता जनरेटर.
तिचा भाऊ आमची गाणी खंदकात ऐकतो,
एका कानाने. दुसरा ड्रोनसाठी मोकळा ठेवतो.
त्याने लिहिलं, मधली रिकामी जागा
जरा आखूड करा, दर वेळी दचकतो मी.
आम्ही केली नाही.
त्याच्यापुरतं मात्र एक वेगळं गाणं करून पाठवलं,
सलग.

काल साठेक माणसं होती,
कोटांसकट, उलट्या खोक्यांवर, दोन कुत्री.
रिकाम्या जागेत मागून एक बाई बोलली.
गात नव्हती,
बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगत होती:
"तिसऱ्यात करकोचा येतो.
चोचीत किल्ल्या आणतो, नदीचं कुलूप काढायला."
"करकोचा नाही, पाकोळी," दुसरी म्हणाली.
"आमच्याकडे पाकोळीच."
"पाकोळीला पेलतील का किल्ल्या?"
"एकच असते!"
लोक हसले. पाचवं आवर्तन सुरू झालं, सहावं,
मी ठोका द्यायला विसरले.

तेवढ्यात वीज आली.
वर कुठेतरी फ्रिज थरथरला,
कोणी "अहाहा" म्हणालं, टाळ्या पडल्या,
आणि पहाऱ्यावरच्या नेस्तोरने
डिझेल वाचवायला लगेच जनरेटर बंद केला.

पासष्ट तारा एका क्षणात
कुणाच्याच राहिल्या नाहीत.
यारिनाने माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे.
त्यात काय असणार? सगळे सूर शुद्ध.
होर्पिनाने डोळे मिटले,
गळा उघडला,
आणि धरला तोच,
फटीतला, खरवडलेला, डिझेलचा वास येणारा,
श्वास पुरेल तितका, मग त्याच्या थोडा पुढे.
यारिनाने हळूच एक तार छेडली.
जुळत होती.

मागे त्या दोघींचं अजून चाललंच होतं,
दबक्या आवाजात,
एक किल्ली की जुडगा.